रवानगी आणि पैवस्ती

पेशवे दफ्तरातली पत्रे वाचणाऱ्याला दोन तारखा शोधायची सवय लागते. एक लिहिणाऱ्याने घातलेली. दुसरी, पत्र हाती पडल्यावर घेणाऱ्याकडच्या कारकुनाने ‘पै॥’ अशी खूण करून टाकलेली. पै॥ म्हणजे पैवस्त, पावले. दोन्ही तारखा मिळाल्या की पत्र वाटेत किती दिवस होते ते कळते, आणि कोणती बातमी कोणाला कधी ठाऊक होती या नाजूक प्रश्नाला हात घालता येतो. पण वजाबाकी करण्याआधी जाणता अभ्यासक थांबतो. ‘छ’ने सुरू होणारी तारीख चंद्राची असते, आणि चंद्रदर्शन एका गावी आज तर दुसऱ्या गावी उद्या होऊ शकते. रवानगीची तारीख एका ठिकाणच्या गणनेतली, पैवस्तीची दुसऱ्या ठिकाणच्या. दोन्ही गणना जुळत होत्या का, हे पाहिल्याशिवाय आलेला आकडा पुरावा म्हणून उभा राहत नाही.

संगणकांच्या जाळ्यात हाच प्रश्न मिलिसेकंदांत उभा राहतो. एका यंत्राने पॅकेट सोडले, दुसऱ्याला मिळाले. फक्त जाण्याला किती वेळ लागला, म्हणजे एकेरी विलंब किती? हे मोजण्यासाठी ओवॅम्प नावाचा नियमसंच आहे आणि तो पाळणारा ओवॅम्पडी नावाचा डीमन आहे. डीमन म्हणजे सर्व्हरवर पडद्यामागे अखंड चालणारा, कोणी हाक मारली की उत्तर देणारा प्रोग्रॅम. शेवटचा ‘डी’ त्याचाच. हा डीमन आज जसा आहे तसा का घडला, याची उत्तरे कागदांत सापडतात. कागद म्हणजे आरएफसी: इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका. एकदा क्रमांक मिळून छापले की तो मजकूर बदलत नाही. दुरुस्ती करायची तर वेगळी नोंद होते किंवा नव्या क्रमांकाचा कागद निघतो. म्हणून १९८१ साली लोकांना काय ठाऊक होते ते आज १९८१च्याच शब्दांत वाचता येते. इतिहास लिहिणाऱ्याला याहून चांगले साधन क्वचितच मिळते.

सुरुवात सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९२पासून करावी लागते. जॉन पोस्टेल यांचा हा कागद आयसीएमपीचा, म्हणजे जाळ्यातले दोष आणि खबरी कळवणाऱ्या संदेशांचा. त्यातला एको संदेश पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याच्याच शेजारी टाइमस्टॅम्प नावाचा एक संदेश आहे, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यात तीन वेळा भरायच्या असतात: पाठवणाऱ्याने सोडल्याची, घेणाऱ्याला मिळाल्याची आणि घेणाऱ्याने परत सोडल्याची. तिन्ही जागतिक वेळेच्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या मिलिसेकंदांत. म्हणजे रवानगी आणि पैवस्ती या दोन्ही नोंदी एकाच संदेशात आणण्याची सोय १९८१ सालीच झाली होती. एकेरी विलंब मोजायची कल्पना नवीन नाही, हे या एका पानावरून सिद्ध होते.

त्या पानावर आणखी एक बारीक सूचना आहे. यंत्राला मिलिसेकंदांत वेळ देता येत नसेल किंवा मध्यरात्रीपासूनची वेळ ठाऊक नसेल, तर हाती असेल ती वेळ भरावी, पण ३२ बिटांपैकी सर्वांत वरचा बिट १ करावा. दिवसाचे मिलिसेकंद ८,६४,००,०००. एवढी संख्या २७ बिटांत मावते, त्यामुळे वरचा बिट मोकळाच होता. त्या मोकळ्या बिटावर पोस्टेल यांनी एक कबुली बसवली: ‘माझ्या घड्याळावर भरवसा ठेवू नका.’ हे शब्द माझे; कागदाची भाषा कोरडी आहे. पण अर्थ हाच. वेळेबरोबर त्या वेळेची विश्वासार्हताही पाठवायची, ही कल्पना या विषयात इथे दिसते. पुढच्या २५ वर्षांतल्या कागदांत याच एका बिटाचा माग काढत गेलो, तर ओवॅम्पडीचा सगळा स्वभाव उलगडतो, असे माझे मत आहे.

बिट मात्र फक्त होय किंवा नाही एवढेच सांगू शकतो. घड्याळ चुकले असेल तर किती, हे तो सांगत नाही. मिलिसेकंदाच्या खालचे तर त्या संदेशात काहीच मावत नाही.

दोन वर्षांनी लोकांनी हा प्रश्न टाळणारा रस्ता धरला. डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी पिंग लिहिला. एको संदेश पाठवायचा, तो परत आला की वेळ बघायची. त्याच वर्षी जुलैत नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी एको संदेशांवर वेळ टाकून मार्गाचा विलंब मोजण्याबद्दल जे सांगितले, त्यावरून आपल्याला हे सुचले, असे म्यूस यांनीच लिहून ठेवले आहे. पिंगची खुबी अशी की सुटण्याची आणि परतण्याची वेळ एकच घड्याळ सांगते. ते घड्याळ तासभर पुढे असले तरी वजाबाकीत ती चूक निघून जाते. दुसऱ्या टोकाच्या घड्याळाला कोणी विचारतच नाही. म्हणून पिंग सगळीकडे चालला आणि आजही चालतो. पण जाऊन-येऊनच्या एका आकड्यातून जाण्याचे किती आणि येण्याचे किती, हे कोणत्याही युक्तीने वेगळे काढता येत नाही.

मिल्स यांचे नाव मात्र दोन्ही बाजूंना सापडते. एप्रिल १९८१च्या आरएफसी ७७८मध्ये ते जाळ्यावरून घड्याळे जुळवण्याच्या सेवेबद्दल लिहितात. डिसेंबर १९८३च्या आरएफसी ८८९मध्ये इंटरनेटवरच्या विलंबाचे प्रयोग मांडतात. सप्टेंबर १९८५च्या आरएफसी ९५८मध्ये एनटीपी येतो, ज्याच्या वंशजावर आज जगातले बहुतेक संगणक आपली घड्याळे लावतात. विलंब मोजणे आणि वेळ जुळवणे ही दोन कामे एकाच माणसाच्या टेबलावर शेजारीशेजारी होती, हे तारखांवरून स्पष्ट दिसते. ही दोन कामे एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे एका हिशेबाने पाहू.

एनटीपी दुसऱ्या यंत्राला वेळ विचारतो. प्रश्न जायला आणि उत्तर यायला मिळून समजा १०० मिलिसेकंद लागले. जाताना किती आणि येताना किती, हे त्याला कळत नाही, म्हणून तो निम्मे-निम्मे धरतो. आता खरोखर जाताना ७० आणि येताना ३० लागले असतील, तर त्याने लावलेले घड्याळ बरोबर २० मिलिसेकंदांनी चुकते. आणि त्या चुकलेल्या घड्याळाने त्याच वाटेवरचा एकेरी विलंब मोजायला गेलात, तर जाताना ५० आणि येताना ५० असे सुबक उत्तर मिळते. जी असमानता शोधायला निघालो, तिलाच घड्याळाने गिळून टाकलेले असते. आकडे सुरेख जुळतात आणि सपशेल खोटे असतात.

हा पेच सप्टेंबर १९९९च्या आरएफसी २६७९मध्ये नेमका पकडलेला आहे. एकेरी विलंबाची व्याख्या करणारा हा मूळ कागद. लेखक गाय आल्मेस, सुनील कलिदिंडी आणि मॅथ्यू झेकाउस्कस. तिघांचा पत्ता न्यू यॉर्क राज्यातल्या आर्मंक गावचा, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क अँड सर्व्हिसेस या संस्थेचा. त्यांचे म्हणणे असे: जीपीएसने घड्याळे काही दहा मायक्रोसेकंदांपर्यंत जुळवता येतात, साध्या एनटीपीने काही मिलिसेकंदांपर्यंत, पण तेही वाटेवरचा विलंब स्थिर आणि दोन्ही बाजूंना सारखा असेल तर, आणि आपल्याला मोजायचा आहे तो नेमका हाच विलंब. त्याच कागदात हेही आहे की विलंब पुष्कळदा १०० मायक्रोसेकंद ते १० मिलिसेकंद एवढाच असतो. दोन वाक्ये शेजारी ठेवली की निष्कर्ष अटळ ठरतो: चुकीची शक्यता मोजायच्या वस्तूएवढीच मोठी असेल, तर ते मोजमाप कोणाच्याच उपयोगाचे नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारणेही त्यांनीच दिली आहेत. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी असू शकते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारांवरूनही. वाट एकच असली तरी एका दिशेने गर्दी असते, दुसरी मोकळी. मोठी फाइल पाठवणाऱ्याला मुख्यतः माल ज्या दिशेने जातो ती दिशा महत्त्वाची असते. ज्याने हमरस्त्यावर सकाळी शहरात शिरताना आणि संध्याकाळी बाहेर पडताना गाडी चालवली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या कागदातली काटेकोर भाषा मला फार मोलाची वाटते. विलंब म्हणजे काय? पाठवणाऱ्याकडून पॅकेटचा पहिला बिट तारेवर पडला त्या क्षणापासून घेणाऱ्याला शेवटचा बिट मिळाला त्या क्षणापर्यंत. तारेवरची वेळ निराळी आणि यंत्राच्या आत प्रोग्रॅमने लिहिलेली वेळ निराळी, हा भेद ते आधीच करून ठेवतात, कारण प्रोग्रॅमने वेळ लिहिल्यावरही पॅकेट यंत्रातच रांगेत उभे असू शकते. पॅकेट पोहोचलेच नाही तर त्याचा विलंब शून्य नाही, अनंत. हरवलेल्या पत्राला ‘लगेच पावले’ म्हणता येत नाही, एवढी ही साधी गोष्ट. पण ती लिहून ठेवली नाही तर सरासरी काढणारा कोणीतरी हरवलेली पॅकेटे गाळतो आणि अत्यंत वाईट वाट चांगली दिसायला लागते.

आर्मंकच्या मंडळींनी नुसती व्याख्या केली नाही. सर्व्हेयर नावाचा त्यांचा प्रकल्प होता. विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत वेगळी यंत्रे ठेवायची, प्रत्येकाला जीपीएस जोडायचे, आणि एकमेकांना सरासरी सेकंदाला दोन पॅकेटे पाठवत राहायचे. युरोपात अ‍ॅमस्टरडॅमच्या राइप एनसीसीनेही छतावर अँटेना लावलेल्या पेट्यांचे असेच जाळे उभे केले होते. ते २०१४पर्यंत चालले. उपाय दोन्हीकडे सारखाच: घड्याळाची वेळ जाळ्यावरून घ्यायचीच नाही, आभाळातून घ्यायची. मग मोजणारा आणि मोजले जाणारे यांची गाठ सुटते.

पण प्रत्येक प्रकल्पाची यंत्रे आपापसातच बोलत. कोणीही कोणाकडेही मोजमाप मागावे, अशी सामाईक बोली नव्हती. ती कशी असावी याचा कागद एप्रिल २००४चा: आरएफसी ३७६३, लेखक स्टॅनिस्लाव शालुनोव्ह आणि बेंजामिन टाइटेलबाउम. आणि बोलीचा कागद सप्टेंबर २००६चा: आरएफसी ४६५६, शालुनोव्ह, टाइटेलबाउम, अनातोली कार्प, जेफ बूट आणि झेकाउस्कस. शेवटचे नाव पुन्हा वाचावे. १९९९च्या कागदावर आर्मंकचा पत्ता असलेला माणूस २००६च्या कागदावर इंटरनेट२ या अमेरिकी विद्यापीठांच्या संघटनेतून सही करतो आहे. सर्व्हेयरचा अनुभव ओवॅम्पमध्ये कसा उतरला, याचा अंदाज बांधायची गरज राहत नाही. धागा लेखकांच्या यादीतच आहे.

आरएफसी ४६५६मध्ये कामाचे दोन भाग पाडले आहेत. बोलणी टीसीपीवर, म्हणजे पोच घेणाऱ्या पद्धतीवर, पोर्ट ८६१वर: किती पॅकेटे, केवढी, कधीपासून, कोणत्या चालीने. मोजणी यूडीपीवर, म्हणजे पोच न घेणाऱ्या पद्धतीवर, ठरवून घेतलेल्या पोर्टांवर. मोजणीचे सर्वांत छोटे पॅकेट अवघ्या १४ बाइटांचे: ४ क्रमांकाचे, ८ वेळेचे, आणि उरलेले दोन. त्या दोन बाइटांकडे आपण येणारच आहोत.

पॅकेटे ठरावीक अंतराने सोडत नाहीत. जाळ्यातल्या पुष्कळ घडामोडी ठरावीक वेळाने होतात; त्याच तालावर मोजत राहिलो तर एकच अवस्था पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून मधली अंतरे यादृच्छिक, घातांकी वितरणाची. पण घेणाऱ्याला तर कळायला हवे की अमुक पॅकेट कधी निघायला हवे होते, नाहीतर हरवलेले ओळखायचे कसे? त्यावरची तोड फार सुंदर आहे. बोलणी होताना सत्राला १६ बाइटांची ओळख मिळते, तीच बीज धरून एईएस या कूटलेखन पद्धतीच्या साहाय्याने दोन्ही टोके स्वतंत्रपणे तेच वेळापत्रक तयार करतात. बाहेरच्याला यादृच्छिक, दोघांना तोंडपाठ. दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम खरोखर तेच आकडे काढतात का, हे पडताळण्यासाठी कागदाच्या शेवटी नमुना उत्तरे दिली आहेत. एका बीजापासून सरासरी १ सेकंदाची १० लाख अंतरे काढून त्यांची बेरीज करा, उत्तर १०,००,५६९.७३९०३६ सेकंद यायला हवे. अशा बेरजेत हजारएक सेकंद मागेपुढे होणे स्वाभाविकच, तेव्हा ५६९चा फरक योग्यच आहे. तुमच्या प्रोग्रॅमचे उत्तर मात्र शेवटच्या अंकापर्यंत हेच हवे. एवढ्या निगुतीने लिहिलेला परिशिष्टाचा मजकूर वाचताना त्या माणसांबद्दल आदर वाटतो.

मधल्या कोणाला हे मोजमापाचे पॅकेट आहे असे ओळखू येऊ नये, हीदेखील त्यांची जाणूनबुजून घातलेली अट आहे. ओळखू आले तर मधला वाहक तेवढ्याच पॅकेटांना पुढे काढून आपली वाट चांगली दाखवू शकेल. म्हणून पॅकेटांचा आकार आणि पोर्ट बोलण्यांतून ठरतात, आणि हवे तर आतला मजकूर कूटबद्ध करता येतो. साक्षीदाराला कोणी पढवू नये, याची ही तजवीज.

आता ते दोन बाइट. त्यांत १६ बिट आहेत. पहिला ‘एस’: वेळ लिहिणाऱ्या यंत्राचे घड्याळ जीपीएस किंवा एनटीपीसारख्या बाहेरच्या स्रोताशी जुळलेले असेल तर १, नाहीतर ०. हाच पोस्टेल यांचा बिट, २५ वर्षांनी, उलट्या अर्थाने. दुसरा बिट कायम शून्य. पुढचे ६ बिट एक घात सांगतात आणि शेवटचे ८ एक गुणक. दोन्ही मिळून घड्याळ किती चुकलेले असू शकते याचा अंदाज. घात १७ आणि गुणक १ असेल तर चूक सुमारे ३०.५ मायक्रोसेकंद, घात २२ केला की जवळजवळ १ मिलिसेकंद. आणि गुणक शून्य लिहायला मनाई आहे. शून्य आढळले तर ते पॅकेट खराब समजून टाकून द्यावे, असे कागद सांगतो. माझे घड्याळ अजिबात चुकत नाही असे म्हणण्याची मुभाच कोणाला ठेवलेली नाही. या सगळ्या दस्तऐवजांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कलम कोणते, असे विचारले तर मी हेच सांगेन.

अशीच आणखी एक कबुली सत्राच्या शेवटी द्यावी लागते. पाठवणारे यंत्र कामाच्या भाराने मागे पडले आणि काही पॅकेटे त्याने सोडलीच नाहीत, तर थांबण्याच्या संदेशात त्या क्रमांकांची यादी द्यायची. नाहीतर न पाठवलेली पॅकेटे हरवलेली म्हणून मोजली जातील आणि दोष निष्पाप वाटेवर येईल.

प्रत्येक पॅकेटची कायमची नोंद २५ बाइटांची असते. त्यात क्रमांक, रवानगीची वेळ, पैवस्तीची वेळ, दोन्ही घड्याळांचा चुकीचा अंदाज, आणि पॅकेट किती टप्पे ओलांडून आले ते काढण्यासाठी एक आकडा. हरवलेल्याच्या पैवस्तीच्या जागी शून्ये. दफ्तराच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक पत्रावर दोन्ही तारखा आहेत आणि त्या टाकणारे दोन्ही कारकून किती विश्वासू, हेही तिथेच लिहिलेले आहे.

कागद एवढे सांगतो. ओवॅम्पडी चालवणाऱ्याला याचे काय करावे लागते, ते इंटरनेट२ने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या कागदपत्रांत आहे. मूळ डीमन पोर्ट ८६१वर कान लावून बसतो. कोणी आले की एक बालप्रक्रिया काढून तिच्याकडे बोलणी सोपवतो, आणि मोजणीसाठी ती आणखी प्रक्रिया काढते. डिस्कवर जागा आणि वाहिनीचा वाटा किती द्यायचा, हे मात्र मूळ डीमनच ठरवतो. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालायला तो स्वतःहून नकार देतो. साधा वापरकर्ता नेमून द्यावा लागतो. एका फाइलमध्ये मांडणी, दुसरीत मर्यादा. मर्यादांचे झाड असते: सर्वांत वर मूळ वर्ग, त्याखाली विश्वासातल्या जाळ्यांना मोकळीक, अनोळखींना जवळजवळ काहीच नाही. हे कशासाठी, ते सुरक्षेबद्दलचा भाग वाचल्यावर कळते. मागेल त्याला पॅकेटांचा मारा सुरू करून देणारा सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच्या घरावर धोंडे मारायला दिलेली गोफण. ती सैल सोडून चालत नाही.

पण खरे काम या फाइलींत नाही. ते घड्याळात आहे. ओवॅम्पडी सुरू होताना कर्नलला, म्हणजे यंत्रप्रणालीच्या गाभ्याला, विचारतो की घड्याळ जुळलेले आहे का आणि चूक किती असू शकते. नसेल तर तशी ताकीद नोंदवहीत लिहितो. म्हणून आधी एनटीपी नीट चालवायचा, चार-पाच वेगवेगळे वेळस्रोत द्यायचे, म्हणजे एखादा खोटे बोलला तर बाकीच्यांच्या मताने तो बाजूला पडतो. आभासी यंत्रावर हे चालवू नये, कारण तिथे घड्याळ दुसऱ्याच्या मर्जीवर चालते. आणि त्याच यंत्रावरून वाहिनीची क्षमता तपासणाऱ्या जड चाचण्या एकाच वेळी घेऊ नयेत.

हे जमले की ओडब्ल्यूपिंग हा आदेश देऊन पाहावे. वेगळे काही सांगितले नाही तर तो प्रत्येक दिशेने १०० पॅकेटे पाठवतो, सरासरी ०.१ सेकंदाच्या अंतराने. मग दोन परिच्छेद छापतो, जाण्याचा एक, येण्याचा एक: किती पाठवली, किती हरवली, विलंब कमीत कमी, मध्यक आणि जास्तीत जास्त किती, टप्पे किती. विलंबाच्या ओळीच्या शेवटी कंसात घड्याळांच्या चुकीचा आकडा असतो. घड्याळ जुळलेले नसेल तर आकड्याऐवजी तिथे ‘अनसिंक’ असा शब्द येतो. डोळा आधी त्या कंसावर जायला हवा. कारण एकाच खोलीतल्या दोन यंत्रांत खरा विलंब ०.३ मिलिसेकंद असेल आणि एक घड्याळ २ मिलिसेकंदांनी मागे असेल, तर एका दिशेला २.३ आणि दुसऱ्या दिशेला उणे १.७ असे उत्तर येते. उणे म्हणजे लिहिण्याआधीच पैवस्त झालेले पत्र. ते दिसले की चूक कळते तरी. अवघड असते ते २.३, त्यात खोटे दिसण्यासारखे काहीच नसते.

लांबच्या वाटेवर मात्र भूगोल स्वतः साक्ष देतो. मुंबई ते जिनिव्हा सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका दिशेने ३३ मिलिसेकंदांहून कमी वेळ लागणे शक्यच नाही. २५ मिलिसेकंद दाखवणारी नोंद कितीही नेटकी असो, ती रद्द. घोडेस्वाराला जमणार नाही इतक्या लवकर पोहोचलेल्या पत्रावर संशोधक शंका घेतो, तीच ही कसोटी.

मुंबई–जिनिव्हा हे उदाहरण उगाच घेतलेले नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनकेंद्राच्या सीएमएस प्रयोगाच्या गणनजाळ्याचे दुसऱ्या स्तराचे केंद्र आहे. त्या जागतिक जाळ्यातल्या केंद्रांना पर्फसोनार हा जाळ्याची मोजमापे घेणारा संच बसवायला सांगितले गेले, आणि पर्फसोनारच्या पोटात एकेरी विलंब मोजायला ओवॅम्पच आहे. तिथे तो एका दिशेने सेकंदाला १० पॅकेटे अशी अखंड धार सोडतो, मिनिटाला ६००. अशा मोजणीत एखाद्याच दिशेने थोडीशी पॅकेटे गळू लागली तरी ते दिसते. पिंगच्या आकड्यात दोष कोणत्या दिशेचा, हा प्रश्न तसाच राहिला असता.

तरीही ओवॅम्प पिंगसारखा घरोघरी गेला नाही. ऑक्टोबर २००८मध्ये आरएफसी ५३५७ निघाला, ट्वॅम्पचा. त्यात समोरचे यंत्र पॅकेट परत पाठवते, आणि जाऊन-येऊन वेळेसाठी घड्याळे जुळवावी लागत नाहीत. राउटर बनवणाऱ्या कंपन्यांनी तोच उचलला. मार्च २०२०चा आरएफसी ८७६२ त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. यात दोष कोणाला देता येत नाही. हजारो यंत्रांची घड्याळे मायक्रोसेकंदात ठेवणे खर्चाचे असते. पण दोनेरी मोजणीला एकेरीचे नाव देऊन, निम्मे करून जो आकडा दाखवला जातो, तो १९९९च्या कागदाने नाकारलेला आकडा आहे. तो कागदही मागे पडलेला नाही: जानेवारी २०१६मध्ये आरएफसी ७६७९ म्हणून त्याची नवी आवृत्ती निघाली आणि एकेरी विलंबाची व्याख्या इंटरनेटचे पूर्ण मानक झाली. लेखकांत झेकाउस्कस यांचे नाव तिसऱ्यांदा आहे.

एक तारीख आताच वहीत लिहून ठेवावी. ओवॅम्पची वेळ १ जानेवारी १९०० पासून ३२ बिटांत सेकंद मोजते, आणि हा मोजपट्टा ७ फेब्रुवारी २०३६ रोजी भरून पुन्हा शून्यावर येतो. त्यानंतर जुन्या नोंदी वाचणाऱ्याला कोणती नोंद कोणत्या फेरीतली, ते बाहेरच्या पुराव्यावरून ठरवावे लागेल. म्हणून ज्यांच्याकडे आज ओवॅम्पडी चालतो आहे त्यांना एक विनंती. जुने यंत्र काढताना विलंबाचे आलेख तेवढे जपू नका. २५ बाइटांच्या मूळ नोंदी जपा, एनटीपीच्या नोंदवह्या जपा, आणि अँटेना कोणत्या दिवशी लावली, कोणत्या दिवशी वेळस्रोत बदलले, हे एका साध्या कागदावर तारखेसह लिहून त्यांच्यासोबत ठेवा.